तवा मोठा घेतला, पण लाटणार कोण?

शनिवारी रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, झोपलास का? माझं कार्ड डुप्लिकेट निघालं बहुतेक."

इंटर्नशिपचे चार महिन्यांचे पैसे साठवून पोराने गेमसाठी आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. जुनं जीटीएक्स १६५० विकलं, नवं बसवलं, मित्रांना फोटो पाठवले आणि गेम लावला, तर तो पहिल्यासारखाच अडखळतोय. एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात त्याचा, आकडा थोडा चढला होता, नाही असं नाही. पण शहरातल्या गर्दीत गाडी घातली की चित्र मध्येच थबकायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. दुकानदाराने "कार्ड ओके आहे" म्हणून हात वर केलेले. आणि घरी बोलायची सोय नव्हती, कारण एवढ्या पैशांत काय काय आलं असतं याची यादी दाजींनी आधीच ऐकवली होती.

कार्ड डुप्लिकेट नसणार हे मला फोनवरच वाटलं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीतल्या कुणाचा तरी असा फोन येतो आणि दहातल्या आठ वेळा गोष्ट तीच असते. सगळे पैसे एका वस्तूत घातलेले असतात आणि तिच्या आजूबाजूचं सामान सहा वर्षांपूर्वीचं असतं. रविवारी सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली. मधे दिघा गाव, की भाच्याचं ऐरोली आलंच.

मशीन २०१९ सालचं, असेंबल केलेलं. कोअर आय५ ९४००एफ प्रोसेसर, म्हणजे सहा कोअर, सहा थ्रेड (एका वेळी सहा कामं हातात घेणारा). सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड एच३१० चा. आठ जीबी रॅम, म्हणजे प्रोसेसरचं हाताशी लागणारं सामान ठेवायची जागा, एकाच स्टिकमध्ये. एक टीबीची हार्ड डिस्क, तिच्यावरच विंडोज आणि तिच्यावरच गेम. सगळ्यांना वीज पुरवणारा, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस. मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झ. त्या काळी चाळीसेक हजारांत असंच मशीन मिळायचं आणि त्यात काही चूकही नव्हती. १६५० च्या जोडीला ते नीट चाललं.

## ओट्याजवळचा धडा

भाच्याला प्रोसेसर आणि कार्ड यांचं नातं समजावताना मी नेहमीची शब्दांची कसरत सुरू केली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात लक्ष गेलं. ताई पोळ्या लाटत होती आणि दाजी भाजत होते. रविवारी तव्यावर दाजींची ड्युटी असते. पोराला हाताला धरून दारात उभं केलं.

गेममध्ये दिसणारं प्रत्येक चित्र, म्हणजे एक फ्रेम, ही एक पोळी. लाटायचं काम प्रोसेसरचं. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, समोरची गाडी वळली का, पडलेला डबा घरंगळत कुठे जाईल, हे सगळं तो ठरवतो आणि "इथे भिंत काढ, तिथे झाड काढ" अशा सूचना कार्डाकडे सरकवतो. कार्ड त्या सूचनांवरून चित्र भाजून काढतं, म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवतं. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपके झाले. म्हणून कार्डाला एवढी ताकद लागते.

आता दाजींना दुसऱ्या शेगडीवर आणखी एक मोठा तवा दिला तर पोळ्या दुप्पट होतील का? ताईचा हात चालतो तेवढाच चालणार. दोन्ही तवे रिकामे तापत राहतील. तुझं ४०६० हे असं रिकामं तापतंय.

उलटंही होतं. लाटणारे दोन हात भराभर चालतायत आणि तवा एकच, तर लाटलेल्या पोळ्या ताटात साचत जातील. जुन्या कार्डाच्या शेजारी कुणी महागडा प्रोसेसर आणून बसवला की हे होतं.

आणखी एक बारकावा. लाटायला लागणारा वेळ साधारण ठरलेला असतो. पण फुलका करायचा की तेल सोडून खरपूस भाजायची, यावर तव्यावरचा वेळ बदलतो. मॉनिटरचं रेझोल्युशन, म्हणजे पडद्यावर ठिपके किती, हा भाजण्याचा मामला आहे. २५६० गुणिले १४४० ला ठिपके जवळपास पावणेदोनपट होतात, फोर-केला बरोबर चौपट. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं. म्हणून एकच प्रोसेसर आणि एकच कार्ड ही जोडी एका घरात बेजोड ठरते आणि दुसऱ्या घरात छान जमते. मॉनिटर कुठला, हे विचारल्याशिवाय "याच्यासोबत हे चालेल का?" या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस अंदाज मारत असतो. इंटरनेटवर दोन नावं टाकली की "तुमची अडचण १८ टक्के" असं सांगणारी पानंही त्यातलीच. गेम कुठला, सेटिंग काय, पडदा केवढा, याचा त्यात पत्ता नसतो.

ताईने हे सगळं ऐकलं आणि लाटता लाटताच म्हणाली, "दुसरा तवा लावायच्या आधी सिलिंडर किती उरलाय ते बघ म्हणावं." आम्ही हसलो. ती किती बरोबर बोलली ते पुढच्या आठवड्यात कळलं.

## आधी मोजायचं

दुखणं कुठे आहे हे बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यासोबत रिव्हाट्यूनर येतं. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. कार्ड किती टक्के कामात आहे, प्रोसेसरचा एकेक थ्रेड किती, रॅम किती भरली, तापमान किती. अर्धा तास खेळायचं, एक डोळा कोपऱ्यात ठेवायचा.

कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर चिकटलेलं असेल तर ते पूर्ण राबतंय. फ्रेम कमी पडत असतील तर सेटिंग उतरवा नाहीतर मोठं कार्ड घ्या. कार्ड ५०-६० टक्क्यांत घुटमळतंय आणि फ्रेमला कुठलीही मर्यादा लावलेली नाही, तर ते कुणाची तरी वाट बघतंय.

इथे प्रोसेसरच्या आकड्याला भुलू नका. "मामा, माझा प्रोसेसर तर तीसच टक्के चाललाय, तो कसा कमी पडेल?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात. टास्क मॅनेजरमधला तो मोठा आकडा सगळ्या थ्रेडांची सरासरी असतो. बारा थ्रेडांच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण घामाघूम झाला तरी सरासरीत तो आठ टक्केच दिसतो. बऱ्याच गेममध्ये मुख्य काम एका-दोन थ्रेडांवरच पडतं, बाकीचे हाताखाली उभे असतात. म्हणून प्रत्येक थ्रेडचा आकडा वेगळा बघायचा.

आणि अगदी साधी परीक्षा म्हणजे गेमचं रेझोल्युशन खाली आणायचं. १०८० वरून ७२० वर. चित्र घाण दिसेल, दिसू दे. एफपीएस धाडकन वाढले तर कार्ड कमी पडत होतं. जागचे हलले नाहीत तर कार्डाचा दोष नाही. भाच्याच्या मशीनवर ते हलले नाहीत. पोराचा चेहरा एकाच वेळी उजळला आणि पडला. कार्ड खरं होतं, पण मग दोष उरलेल्या सगळ्यात होता.

याच परीक्षेवरून कळतं की डीएलएसएस, एफएसआर यांसारख्या युक्त्यांनी त्याला का फायदा होत नव्हता. त्या चित्र आधी लहान काढतात आणि मग मोठं करून दाखवतात. फुल एचडीवर डीएलएसएसचा क्वालिटी मोड आतून १२८० गुणिले ७२० चंच चित्र काढतो. भाजायचं काम हलकं होतं, लाटायचं नाही. जिथे तवाच रिकामा आहे तिथे पोळी पातळ करून काय उपयोग?

## रॅम, आणि माळ्यावरचा डबा

आकड्यांमध्ये खरी गोची रॅमच्या रकान्यात होती. आठ जीबीपैकी साडेसात भरलेले. विंडोज, मागे उघडा राहिलेला क्रोम आणि मित्रांशी बोलायला डिस्कॉर्ड यांनीच त्यातली जवळपास निम्मी खाल्ली होती. उरलेल्यात आजचा मोठा गेम मावत नाही. मावलं नाही की विंडोज जास्तीचं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ओट्यावर जागा नाही म्हणून पिठाचा डबा माळ्यावर ठेवायचा आणि दर चार पोळ्यांना स्टूल लावून काढायचा, तसं.

हे किती महाग पडतं ते बघा. सेकंदाला साठ फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची असते, शिवाय आतला हात योग्य जागी सरकायला वेळ लागतो तो वेगळा. म्हणजे माळ्यावर एकदा चढून उतरलं की एक फ्रेम जवळपास गेली. गर्दीच्या चौकात गेम एकदम शेकडो गोष्टी मागतो, तेव्हा चित्र थबकणार नाही तर काय होईल?

त्यात रॅम एकाच स्टिकमध्ये. प्रोसेसरकडून रॅमकडे जायला दोन वाटा असतात. स्टिक एक असेल तर एकच वाट वापरात येते. डीडीआर४ च्या २६६६ वेगाच्या एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती ये-जा करते, दोन लावल्या की ४२.६. सोळा जीबी घ्यायची तर आठ-आठच्या दोन घ्या, सोळाची एक नको, हे लोक सांगतात ते यासाठी. आणि बोर्डावर चार खाचा असतील तर शेजारशेजारच्या दोन खाचांत नाही; बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी. मी स्वतः एका मित्राच्या मशीनवर ही चूक केली होती आणि सहा महिन्यांनी, पंखा साफ करायला उघडलं तेव्हा लक्षात आली. तोवर त्याने दोनदा विंडोज फॉरमॅट मारून झालं होतं.

वेगाचंही एक आहे. पाकिटावर ३२०० लिहिलेली रॅम लावली म्हणजे ती ३२०० ने धावते असं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी ही पाकिटावरचा वेग लागू करणारी सोय चालू करेपर्यंत ती बऱ्याचदा २१३३ किंवा २४०० वर रांगत असते. कित्येक जण पैसे मोजून वर्षानुवर्षं रांगणारी रॅम वापरतात. भाच्याच्या एच३१० वर मात्र या युक्तीला वाव नव्हता. तो बोर्ड २६६६ च्या वर जातच नाही.

तेव्हा पहिली खरेदी ठरली: आठ जीबीची आणखी एक स्टिक आणि एक साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच वायरने जोडायची पण फिरती तबकडी नसलेली डिस्क. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांपायी रॅमचे भाव असे चढलेत की नवी घेणं जिवावर येतं, म्हणून स्टिक सेकंड हॅन्ड घेतली. रॅम सेकंड हॅन्ड घ्यायला मी घाबरत नाही. ती एकतर चालते किंवा नाही, आणि मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवलं की सकाळी कळतं. एसएसडी मात्र नवीच. त्याच्या बोर्डावर एम.२ ची, म्हणजे वेगवान एनव्हीएमई एसएसडी थेट बोर्डात बसवायची, खाच नव्हती, म्हणून साटा. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, एनव्हीएमई तीन-साडेतीन हजारांच्या पुढे. पण मोठी उडी हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात तिथेच मिळते. पुढच्या उडीत गेम उघडायला लागणारे थोडे सेकंद वाचतात, एफपीएस नाही. सात हजार एमबीचा आकडा बघून ज्यादा पैसे मोजणाऱ्यांना मी दरवेळी हेच सांगतो, आणि ते दरवेळी मोजतातच.

## कोपरीचा पूल

रॅम आणि एसएसडी बसल्यावर थबकणं गेलं. कार्ड ६० वरून ८०-८५ टक्क्यांवर चढलं. भाच्याचा लगेच पुढचा प्रश्न: "मग आता प्रोसेसर पण बदलू?"

ठाणेकरांना हे सांगायला कोपरीचा रेल्वे पूल पुरेसा आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग दोन्ही बाजूंनी चार-चार पदरी, आणि पुलावर आला की दोन-दोन पदरी. वर्षानुवर्षं सगळ्यांनी त्या पुलाला शिव्या घातल्या. २०२३ मध्ये तो रुंद होऊन पूर्ण खुला झाला, आणि गाड्या सुसाट निघून पुढे आनंदनगरच्या टोलनाक्यावर खोळंबायला लागल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. आता गर्दी कुठे होते ते ऑफिसला जाणारा कोणीही सांगेल.

कॉम्प्युटरमधली कोंडीही अशीच असते, फुटते आणि पुढे सरकते. कुठेच कोंडी नाही असं मशीन नसतंच, कारण तसं असतं तर एफपीएस अमर्याद झाले असते. प्रश्न एवढाच की ती शेवटी कुठे येऊन थांबावी. माझं मत, ती कार्डावर थांबावी नाहीतर मॉनिटरवर. कार्डावर थांबली तर गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या कमी करून, आरसे-प्रतिबिंबं बंद करून आपल्याला तिच्याशी खेळता येतं. प्रोसेसरवर किंवा रॅमवर थांबली तर हातात फारसं काही राहत नाही, आणि ती झटक्यांच्या रूपात दिसते. सरासरी ८० एफपीएस दाखवणारं पण मध्येच २० वर आपटणारं मशीन, सलग ६० देणाऱ्या मशीनपेक्षा वाईट. म्हणून सरासरीसोबत "एक टक्का लो" नावाचा आकडा बघतात, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांत काय मिळालं ते.

भाच्याचा मॉनिटर ६० हर्ट्झचा. तो सेकंदाला साठच चित्रं दाखवू शकतो. मशीन आता सत्तर-ऐंशी काढत होतं, म्हणजे वरची वाया. आम्ही गेममध्ये साठची मर्यादा लावली. कार्ड थंड झालं, पंख्यांचा आवाज उतरला, खेळ लोण्यासारखा. त्या पडद्यापुरतं मशीन पुरं झालं होतं. प्रोसेसरचा प्रश्न तो १४४ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर आणेल त्या दिवशी खरा उभा राहील, कारण १४४ ला एका फ्रेमच्या वाट्याला ६.९ मिलिसेकंदच येतात आणि लाटणाऱ्याला तेवढ्यात लाटून द्यावं लागतं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम कमी सेटिंगवर तर प्रोसेसरचाच दम काढतात. (मॉनिटर आणलात तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ वाढवा. १४४ चा पडदा ६० वर चालवणारी घरं मी पाहिली आहेत. मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलेलीही.)

प्रोसेसर बदलायचा म्हटला की मदरबोर्ड मध्ये येतो. भाच्याच्या बोर्डावर फार तर नवव्या पिढीचा आय७ किंवा आय९ बसेल, म्हणजे २०१९ च्या आसपासचा. त्यापुढचं काही नाही. आणि खाच तीच म्हणून प्रोसेसर बसतोच असंही नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच, एलजीए ११५१, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. सेकंड हॅन्ड बाजारात यात हात पोळलेले लोक कमी नाहीत. उलट ज्यांनी त्या काळात एएमडीचा बी४५० बोर्ड घेतला त्यांचं नशीब जोरावर आहे. बायोस अपडेट केला की २०१८ च्या त्या बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, ५७००एक्स३डी सुद्धा बसतो, आणि जुनीच डीडीआर४ रॅम चालते. अशांनी एवढ्यात नवं मशीन बघूच नये. भाच्याला मी आय७ घेऊ दिला नाही. संपलेल्या रस्त्यावर आणखी पैसे टाकण्यापेक्षा ते साठव, दीड-दोन वर्षांनी बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं तिन्ही एकदम बदल आणि हेच कार्ड तिकडे ने. एएमडीच्या नव्या सॉकेटवर, म्हणजे एएम५ वर गेलास तर रॅम डीडीआर५च लागेल, हे आत्तापासून हिशेबात धर. ज्यांचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा जुना आहे त्यांना सहसा विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यांचं गणित आणखी सोपं आहे.

जुन्या बोर्डावर नवं कार्ड लावताना आणखी एक गोष्ट तपासा. कार्ड दिसायला पूर्ण खाचभर असतं, पण आतून सगळ्या सोळा लेन, म्हणजे बोर्डाशी माहितीची ये-जा करायच्या वाटा, जोडलेल्या असतीलच असं नाही. ४०६० आठच लेन वापरतं, तरी जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर (ही त्या खाचेची जुनी, कमी वेगाची आवृत्ती) त्याचं फार अडत नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड मात्र चारच लेनचं, मेमरीही चारच जीबी, आणि ३.० च्या बोर्डावर ते चांगलंच मार खातं. स्वस्त म्हणून जुन्या मशीनसाठी घ्यायला जावं, तर जुन्या मशीनलाच ते सोसत नाही.

## सिलिंडर

बुधवारी पुन्हा फोन. "मामा, गेम मस्त चाललाय, पण वीस मिनिटांनी पीसी एकदम बंद पडतो. लाईट गेल्यासारखा."

मित्राचा मॉनिटर जोडून साठची मर्यादा काढून टाकली होती साहेबांनी. ताईचं सिलिंडर तेव्हा आठवलं. रॅमची कोंडी होती तोवर कार्ड निम्म्या दमाने चालत होतं आणि वीजही कमी ओढत होतं. आता ते पूर्ण राबायला लागलं, आणि इतके दिवस झाकलेलं पुढचं टोक उघडं पडलं.

त्याला म्हटलं, कॅबिनेट उघड आणि एसएमपीएसच्या बाजूचा स्टिकर मला वाचून दाखव. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्ता असतो, त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने. प्रोसेसर आणि कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या रकान्यातूनच घेतात. त्यासमोर होतं १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२. म्हणजे ४५० च्या पाटीमागे कामाचे वॉट १९२ होते.

आता जोडा. प्रोसेसर ६५ वॉट, जोरात असला की थोडा जास्तच. जुनं १६५० चं कार्ड ७५ वॉटचं, तेही बोर्डाच्या खाचेतूनच मिळायचे. बाकी बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीसेक. बेरीज १८० च्या आसपास, म्हणून पाच-सहा वर्षं निभावलं. ४०६० चे ११५. बेरीज २२० आणि वर. शिवाय कार्डाला आठ पिनांची वेगळी वायर लागते, ती त्या एसएमपीएसला नव्हतीच. दुकानातल्या पोराने जुन्या मोलेक्स पिनांवरून कन्व्हर्टर लावून दिला होता. आठ पिनांच्या त्या जोडणीतून कार्ड १५० वॉटपर्यंत मागू शकतं, आणि ते सगळं दोन बारक्या तारांवर. पीसी बंद पडत होता हे नशीब. वायर वितळलेली मी पाहिली आहे, वास दोन दिवस खोलीतून जात नाही.

एसएमपीएसवरच्या ८० प्लसच्या स्टिकरबद्दलही एक गैरसमज काढून टाकतो. तो फक्त सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला लागते आणि किती उष्णता होऊन जाते. आतल्या मालाचा दर्जा, जादा भार आला की वेळेवर बंद पडण्याची व्यवस्था, याची हमी तो देत नाही. तरीही स्टिकर अजिबात नसलेल्यापेक्षा असलेला बरा, आणि त्यातली वरची पायरी, गोल्डच हवी असा हट्टही नको. चांगल्या नावाचा ब्रॉन्झ, साडेपाचशे वॉटचा, पाच वर्षांची वॉरंटी. मशीनमधली ही एक वस्तू अशी आहे की तिच्यामुळे एफपीएस एकानेही वाढत नाही, आणि म्हणूनच ती सगळ्यांच्या यादीत शेवटी असते.

यूपीएसही बघून घ्या. घरात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉटचा. मॉनिटर आणि राउटर त्याच्यावरच असेल आणि कार्ड जोरात असताना लाईट गेली, तर तो टुंई करून सगळ्यांसकट झोपतो.

उष्णतेचं थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये दुपारी बिनएसीच्या खोलीत ३४-३५ अंश असताना कॅबिनेटच्या पुढे सलग काच असेल तर पंखे हवा घेणार कुठून? रंगीत दिवे दिसतात छान, पण पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, आणि भिंतीला चिकटवून टेबलाखाली कोंबू नका. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना धुळीचं वेगळं सांगायला नको. दोन महिन्यांनी ब्रश मारायचा.

शनिवारी भाचा एकटाच लॅमिंग्टन रोडला गेला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं तरी विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत. त्याला दोनच गोष्टी सांगून पाठवलं होतं. बिलाशिवाय शे-दोनशे कमी करतो म्हणाला तरी पक्कं बिल घ्यायचं, कारण पाच वर्षांची वॉरंटी बिनबिलाची नुसती कागदावर राहते. आणि खोक्यावरचा वॉटचा आकडा वाचायचा नाही, बाजूचा तक्ता वाचायचा.

बाराच्या सुमाराला फोन आला. मागे हातगाडीवाल्यांचा आणि हॉर्नचा कल्लोळ.

"मामा, १२ व्होल्टसमोर ४४ लिहिलंय. पाचशे अठ्ठावीस होतात. घेऊ?"

"घे. सिरीयल नंबर बिलावर लिहून घे."

"आणि जुन्या वायरी चालतील ना याला? त्या लांब आहेत."

"अजिबात नाही. पिना सारख्या दिसल्या तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. नव्या खोक्यातल्याच लाव."

"आणि तो कन्व्हर्टर?"

"तो घरी पोचलास की पहिल्यांदा कचऱ्यात टाक."